सॅक्सोफोनची ऑडिशन : अवघड पीस नंतर, आधी खालचा सी हळू वाजवून दाखव

प्रश्न थोडक्यात असा आहे की तू तासगाव साइडचा, बारावीला, मामांच्या बँडात चार वर्षं अल्टो सॅक्स वाजवतोयस, नोटेशन जेमतेम येतं, चांगल्या सॅक्सला पैसे नाहीत, पुढच्या वर्षी सॅक्सोफोन घेऊन डिग्री करायची आहे, बाहेरच्या देशातल्या दोन-तीन युनिव्हर्सिट्या बघून ठेवल्यात, आणि विचारतोयस की सगळ्यात अवघड असा कुठला पीस बसवू म्हणजे परीक्षकांचं पॅनेल गार होईल.

कुठलाच नको. पॅनेल गार होत नसतंय. त्यांनी तो पीस तुझ्याआधी सकाळपासून चार वेळा ऐकलेला असतो आणि तुझ्यापेक्षा बऱ्या माणसांकडून ऐकलेला असतो.

माझंच सांगतो. मी मिरजेच्या बँडात वाढलो, वडील क्लॅरनेट वाजवायचे, वरातीत दोन-दोन तास सलग वाजवायची सवय, त्यामुळे दम भरपूर आणि माज त्याहून जास्त. पहिल्या ऑडिशनला मी ग्लाझुनोव्ह या रशियन संगीतकाराचा कॉन्चेर्टो, म्हणजे ऑर्केस्ट्राच्या साथीचा मोठा पीस, घेऊन गेलो. १९३४ चा पीस, तेरा-चौदा मिनिटं सलग, मधे थांबा नाही. स्टेशनवर उतरून दोन कप गोड चहा मारला, चूळसुद्धा न भरता वाजवायला उभा राहिलो, आणि दुसऱ्या पानावर जी शार्पचं पॅड, म्हणजे भोक झाकणारी गादी, चिकटलं. रोजच्या चहाची साखर आधीच साचलेली होती, त्या दिवशी पक्की बसली. मी जी शार्प दाबतोय आणि बाहेर येतोय नुसता जी. पॅनेलवरच्या बाईंनी थांबवलं, शांतपणे म्हणाल्या पुसून घे, मग म्हणाल्या आता तो पीस राहू दे, खालचा सी अगदी हळू सुरू करून आठ मात्रा धरून दाखव. तो मला आला नाही. आधी नुसती हवा गेली, मग गुरगुरला, मग उडी मारून वरचा सी निघाला. चार वर्षं सॅक्स वाजवून खालचा सी हळू येत नाही हे मला त्या खोलीत कळलं. आणि त्या बाईंना मी पहिला सूर लावला तेव्हाच कळलं असणार, मला वाईट वाटू नये म्हणून त्यांनी दोन पानं ऐकून घेतली.

तर बँडातल्या पोराची अडचण ही आहे. आपण उघड्यावर वाजवतो, शेजारी ट्रम्पेट, मागे ढोल, समोरून दुसऱ्या मंडळाचा बँजो चाललेला, त्यात ऐकू यायचं तर माऊथपीस करकचून चावूनच फुंकावा लागतो. आवाज पातळ आणि टोचरा होतो, वरच्या सुरांना चालून जातो पण खालचे सूर हळू लागतच नाहीत. हे तुझ्यात किती आहे ते बघायची एक सोपी चाचणी आहे. नुसता माऊथपीस घे, रीड म्हणजे वेताची पट्टी लाव, नेकला म्हणजे वरच्या वाकड्या नळीला जोडू नकोस, फुंक आणि मोबाईलवरच्या ट्यूनरवर बघ काय सूर येतो. अल्टोच्या माऊथपीसवर क्लासिकलवाले साधारण ए धरतात, पेटीच्या भाषेत पांढरी सहा, वरच्या सप्तकातली. तुझा बी किंवा त्याच्याही वरचा सी येत असेल तर तू चावतोयस, विषय संपला. खालचा ओठ गादीसारखा मऊ ठेव, हनुवटी सपाट, ओठांचे कोपरे आत, आणि हवा मात्र कमी करू नकोस. लोक हीच चूक करतात, सैल सोड म्हटलं की हवाच सोडून देतात आणि मग सूर कोसळतो.

हे बसायला दोन महिने जातील आणि त्या दोन महिन्यात तुझा आवाज आधीपेक्षा वाईट वाटेल, मामा म्हणतील काय बिघडवून घेतलंस लेका, ऐकू नकोस. रोज वीस मिनिटं नुसते लांब सूर. मधल्या जीपासून सुरू करून एकेक सूर खाली उतरत खालच्या बी फ्लॅटपर्यंत, प्रत्येक सूर शून्यातून उगवला पाहिजे आणि शून्यात गेला पाहिजे. गाणारे पहाटे खर्ज लावतात तोच हा प्रकार. मग ओव्हरटोन्स. खालच्या बी फ्लॅटची बोटं धरायची, एकही की न हलवता नुसत्या घशाने आणि हवेने त्याच बोटांवर वरचा बी फ्लॅट काढायचा, मग त्याच्या वरचा एफ, मग आणखी वरचा बी फ्लॅट, मग डी. पहिल्या आठवड्यात काहीच येणार नाही, कुत्रं रडल्यासारखं होईल. आमच्याकडे समोरच्या काकूंनी आईला विचारलं होतं पोराला काय होतंय. पण एकदा ते लागायला लागलं की खालचा सी आपोआप हळू लागतो, कारण तोवर घशाला त्याची जागा माहीत झालेली असते.

आणि कुठे वाजवायचं तेही महत्त्वाचं. मी हरिपूरला संगमावर जाऊन नदीकडे तोंड करून वाजवायचो, लय भारी वाटायचं, फोटोही चांगले येतात, पण उघड्यावर आपला आवाज आपल्याकडे परत येत नाही म्हणून माणूस पुन्हा जोर लावायला लागतो. त्यापेक्षा घरातल्या कोऱ्या भिंतीसमोर तीन फुटांवर उभा रहा. आवाज तोंडावर येऊन आदळतो, खोटं चालत नाही.

आता नोटेशन. "जेमतेम येतं" म्हणजे माझ्या अनुभवाने बँडातल्या पोरांना सूर ओळखता येतात पण वाचत वाजवता येत नाही, आधी चाल कानाने बसवतात आणि मग कागदाकडे बघून वाचल्याचं नाटक करतात. मीही करायचो. ऑडिशनला साइट रीडिंग, म्हणजे न पाहिलेला कागद तिथल्या तिथे वाजवणं, असतंय तिथे हे उघडं पडतं. रोज चार ओळी नव्या, कधीही न पाहिलेल्या, अगदी सोप्या घे, मेट्रोनोम ६० ला लाव आणि काही झालं तरी थांबायचं नाही. चुकला सूर तर चुकू दे, ताल सोडायचा नाही. वाजवायच्या आधी अर्धा मिनिट मिळतो, त्यात पहिली ओळ गुणगुणत बसू नकोस, शार्प-फ्लॅट किती आहेत बघ, मात्रा किती बघ आणि सगळ्यात काळाकुट्ट बार, म्हणजे दोन उभ्या रेघांमधला सगळ्यात दाट सुरांचा तुकडा, कुठला आहे तो शोधून मनात एकदा बोटं फिरव, वेग त्या बारवरून ठरव.

एक गोष्ट डोक्यात पक्की करून ठेव, कारण तिथे आपली पोरं गोंधळतात. अल्टो ई फ्लॅटचा आहे, म्हणजे तू कागदावरचा सी वाजवलास की पेटीवर काळी दोन वाजते. टेनर, म्हणजे अल्टोहून मोठा सॅक्स, बी फ्लॅटचा, त्याचा सी म्हणजे काळी पाच. पियानोवाला म्हणाला ए दे, ट्यून करू, तर तुला एफ शार्प वाजवायचा असतो. खोलीत शिरल्या शिरल्या पहिली गोष्ट हीच होते आणि तिथेच तू ए वाजवलास तर कुणी काही बोलणार नाही, पण सगळे एकमेकांकडे बघतील.

कानाचं म्हणशील तर तिथे तू पुढे आहेस हे लक्षात ठेव आणि उगाच घाबरू नकोस. एखादी ओळ पियानोवर वाजवून गाऊन दाखव म्हणतात, टाळीने ताल परत दे म्हणतात, हे वर्षानुवर्षं नुसत्या कागदावर शिकलेल्या पोरांना जड जातं आणि चार वर्षं चाली कानाने उचललेल्या पोराला सोपं. सात मात्रांचं काही आलं तर घरचा रूपक आहे. क्रेस्टन या अमेरिकन संगीतकाराच्या सॅक्स-पियानो सोनाटाचा मधला भाग पाच मात्रांचा आहे, मी शिकवताना सरळ अर्धा झपताल म्हणून बसवतो, दोन आणि तीन, लगेच बसतो.

पीस कुठला ते आता सांगतो, कारण ते सांगितल्याशिवाय तू सोडणार नाहीस. आधी प्रत्येक युनिव्हर्सिटीच्या पानावर त्यांची मागणी वाच, सगळ्यांची वेगळी असते, पण क्लासिकल सॅक्सला बहुतेक ठिकाणी साधारण एकच साचा असतो: सगळ्या मेजर-मायनर स्केल्स, एक संथ आणि एक जलद अभ्यास, आणि एखाद्या सोनाटाचा किंवा कॉन्चेर्टोचा भाग. अभ्यासांसाठी फेर्लिंगचे ४८ घे, मुळात ओबोसाठी लिहिलेले आहेत पण सॅक्सवाल्यांचं जेवण त्याच्यावर चालतं, संथ आणि जलद अशा जोड्याच आहेत. संथ निवडताना सगळ्यात जास्त वेळ घाल. पोरं जलद घोटत बसतात आणि संथ "येतंच" म्हणून सोडून देतात, आणि मार्क संथवर जातात, कारण श्वास कुठे घेतलास, वाक्य कुठे संपवलंस, व्हायब्रेटो, म्हणजे सुराला दिलेली हलकी लाट, मुद्दाम केलास की थरथरतोयस, सगळं तिथे दिसतं. मोठ्या पीसमध्ये एक्लसच्या सोनाटाचं सॅक्ससाठी केलेलं रूप किंवा बोझाची आरिया हे बारावीच्या पोराला शोभणारं आहे. क्रेस्टन (१९३९) जमला तर चांगलाच, पण माझा नियम असा की ताप आलाय, झोप झाली नाही, रीड खराब आहे अशा दिवशीही जो पीस नीट जातो तोच ऑडिशनला न्यायचा. ग्लाझुनोव्ह पुढे चार वर्षं आहेत की वाजवायला.

स्केल्स म्हणजे एका सप्तकाच्या नव्हेत. खालच्या बी फ्लॅटपासून वरच्या एफपर्यंत, अडीच सप्तकं, सुरुवात सा पासून पण मग वर टोकापर्यंत आणि खाली टोकापर्यंत जाऊन परत सा वर. ६० ला चार-चार सूर सुरू कर, आठवड्याला चार-चार आकड्यांनी वाढव. रोज बाराच्या बारा करत बसू नकोस, कंटाळून सोडशील, रोज तीन नीट कर. डावी करंगळी, म्हणजे जी शार्प, सी शार्प, बी, बी फ्लॅटचा तो टेबल, सगळा घोळ तिथे असतो. बँडात आपण सोयीच्या पट्टीत वाजवतो म्हणून ती करंगळी कधी घासलीच गेलेली नसते.

जॅझला जायचं असेल तर गणित वेगळं, तिथे १२ बारचा ब्लूज, एक बॅलड, एखादी जलद बीबॉप चाल आणि त्यावर स्वतःचं इम्प्रोव्हायझेशन लागतंय. एका उस्तादाचा सोलो कानाने उचलून, गाऊन, मग वाजवून बघ, तुझा कान तिथे कामाला येईल. पण दोन्हीकडे अर्धे अर्धे पाय नकोत, या वर्षी एकच ठरव.

आता वाद्य. चांगल्या सॅक्सला पैसे नाहीत म्हणालास. मेरठकडचा बँडचा सॅक्स असेल तर खरं सांगतो, त्याच्यावर ऑडिशन देऊ नकोस, कुणाचा तरी यामाहा २८० सारखा स्टुडंट मॉडेल महिनाभर आधी मागून घे आणि त्याच्यावरच रियाज कर, आदल्या दिवशी हातात घेऊन उपयोग नाही. तोवर आहे त्याची गळती बघ. रात्री लाईट घालव, एलईडीची पातळ माळ नळीत सोड, एकेक पॅड हलक्या बोटाने बंद कर. जिथून उजेडाची रेघ दिसते तिथून तुझी हवा जातेय. माझ्याकडे येणाऱ्या दहापैकी आठ पोरांना वाटत असतं आपल्याला खालचे सूर येत नाहीत, आणि बघावं तर जी शार्पचं नाहीतर खालच्या सी शार्पचं पॅड नीट बसत नसतं. चिकटणाऱ्या पॅडखाली कोरा पातळ कागद धरून हळूच दाबायचा, ओढायचा नाही, पॅडची कातडी निघते. आणि चहा पिऊन चूळ भरल्याशिवाय वाजवायचं नाही, हे मी माझ्या पोरांना मारून शिकवलंय.

रीड बद्दल थोडक्यात. एकच रीड फुटेपर्यंत वाजवायची बँडातली पद्धत सोड. अडीच नंबरच्या एका खोक्यात दहा निघतात, त्यातल्या चार बऱ्या वाटतील त्यावर नंबर टाक आणि आळीपाळीने वाजव, नव्या रीडवर पहिले चार दिवस पाच-पाच मिनिटंच. वाजवून झालं की पुसून काचेच्या तुकड्यावर सपाट ठेव. पावसाळ्यात ओल्याच डब्यात कोंबल्यास बुरशी येते, उन्हाळ्यात इथली हवा इतकी कोरडी की टोकाला लाटा पडतात. तीन नंबर घेतला की माणूस मोठा होतो असं काही नाही, अडीचवर गोड वाजत असेल तर अडीच.

तारखांचं बघ, तुझं खरं लफडं तिथे आहे. इंग्लंडच्या कॉन्झर्व्हेटरींचे अर्ज ऑक्टोबरच्या सुरुवातीलाच बंद होतात आणि ऑडिशन बहुतेक नोव्हेंबर-डिसेंबरला. अमेरिकेत आधी व्हिडिओ मागतात, बऱ्याच ठिकाणी डिसेंबरच्या सुरुवातीला, आणि त्यातून निवडलं तर जानेवारी ते मार्चमधे प्रत्यक्ष, म्हणजे नेमकी तुझी बोर्डाची परीक्षा. रेकॉर्डेड ऑडिशन चालते का हे आत्ताच मेल करून विचार, बाहेरच्या देशातल्या पोरांना बरेच जण चालवून घेतात. आता याच्यावर आपलं कॅलेंडर ठेवून बघ. गणपती संपले की ऑक्टोबर, तुळशीचं लग्न झालं की लग्नसराई आणि लगेच व्हिडिओची तारीख. म्हणजे ज्या दोन वेळी ओठ सगळ्यात ताजे पाहिजेत, त्याच दोन वेळी सुपाऱ्या. दहा दिवस रस्त्यावर फुंकून आलास की ओठ सुजलेले असतात आणि चावायची सवय परत आलेली असते, दोन महिन्यांची मेहनत पाण्यात. घरात पैसे लागतात हे मला माहीत आहे, मीही त्याच पैशावर शिकलो, म्हणून सुपाऱ्या बंद कर असं म्हणत नाही. मामांना स्पष्ट सांग की यंदा गणपतीत पहिले पाच दिवस वाजवतो, विसर्जन मिरवणूक नाही, आणि नोव्हेंबरच्या शेवटच्या दोन आठवड्यात एकही वरात नाही. मामा चिडतील. एकदा त्यांना कद्री गोपालनाथांचं सांग, त्या माणसाने म्हैसूरच्या राजवाड्याच्या बँडात सॅक्स ऐकला आणि तिथून कर्नाटक संगीतात नेऊन २००४ ला पद्मश्री घेतली, बँडवाल्यांना हे ऐकून जरा बरं वाटतं.

व्हिडिओ करताना ज्या चुका मी बघितल्यात त्या सांगतो. पंखा बंद. फ्रिज बंद. मोबाईल फ्लाइट मोडवर, मधेच आत्याचा कॉल आला की पूर्ण टेक गेला, कारण पीसच्या मधे कट चालत नाही. चेहरा आणि दोन्ही हात दिसले पाहिजेत. मोबाईल सात-आठ फुटांवर, आणि त्याचा स्वतःचा माइक वापरलास तर तो मोठा आवाज आला की दाबतो आणि हळू आवाज वर उचलतो, म्हणजे तू जीव तोडून केलेलं हळू-मोठं सगळं एकसारखं ऐकू येतं. बाहेरचा साधा माइक कुणाचा तरी माग. खोली घुमत असेल तर मागच्या भिंतीवर दोन गोधड्या टाक, फ्रेमच्या बाहेर. सकाळी साडेनऊ ते अकरा रेकॉर्डिंग करू नकोस, आख्ख्या गल्लीतल्या कुकरच्या शिट्ट्या त्याच वेळी. पियानोची साथ मागितली असेल तर हे इथे अवघड आहे, ऑर्केस्ट्रातले कीबोर्डवाले हुशार असतात पण लिहिलेला पियानो पार्ट वाचणारा शोधावा लागतो, तो आत्तापासून शोध, पुण्यापर्यंत जायची तयारी ठेव.

प्रत्यक्ष ऑडिशन असेल तर छाती धडधडत असताना वाजवायची प्रॅक्टिस आधी कर. मी पोरांना जिना चार वेळा वर-खाली पळायला लावतो आणि श्वास बसायच्या आत पीस सुरू करायला सांगतो, पहिल्यांदा सगळ्यांचं पाणी होतं. लोकांसमोरही वाजव, पण टाळ्या मारणाऱ्या मंडळासमोर नको, दोन-तीन गप्प बसणाऱ्या माणसांसमोर, ते जास्त भीतीदायक असतंय. आणि एसीच्या खोलीत सॅक्स गार पडून उतरतो, आत जायच्या आधी न वाजवता नुसती गरम हवा सोडत रहा, नेक हाताच्या मुठीत धर.

सॅक्स एखाद्या रविवारी घेऊन ये, सांगलीत विश्रामबागला दुपारी चारनंतर मी असतो, नंबर टाकलेल्या चारही रीड आण आणि एलईडीची माळ असली तर तीही, माझी उंदराने कुरतडलीय. पॅड बघू, मग मला खालचा सी हळू वाजवून दाखव. चहा त्याच्यानंतर.